नजीर पेंटरचा पांढरा

माझं नाव वैजनाथ. नांदेडला देगलूर नाक्यावर माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान हाय. दुकानात रंग ओळखायचं मशीन हाय, मोबाईलएवढं. गाडीच्या पत्र्यावर टेकवायचं, बटण दाबायचं, की त्याच्याच स्क्रीनवर रंगाचं नाव, कोड आणि कोणता रंग किती ग्रॅम घालायचा ते सगळं येतं. असं मशीन नाक्यावर दुसऱ्या कुणाकडं न्हाई. आणि त्याला नाक्यावर कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं, कारण रस्त्याच्या पलीकडं नजीर पेंटरची शेड होती.

नजीरभाईचं काम डेंटिंग-पेंटिंगचं. पण नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कोणतीबी गाडी आणा, ती कंपनीतून कोणत्या रंगाची निघाली हे तो माणूस सांगायचा. आमच्या मराठवाड्यात हे सोपं न्हाई. इथं माणूस जुनी गाडी निळी घेतो, लाल घेतो, स्वस्तात मिळाली तर वांगी रंगाचीबी घेतो, आणि महिन्याच्या आत पांढरी करून आणतो. पांढऱ्या गाडीतून उतरलं की तहसीलचा शिपाई उठून उभा राहतो, मग आतला माणूस पीकविम्याचा अर्ज घेऊन का आलेला असंना. त्यामुळं जिल्ह्यातल्या अर्ध्या गाड्या वरून पांढऱ्या आणि आतून काय, ते देवाला नाहीतर नजीरला ठाऊक.

त्याची पद्धत अशी. दाराचं रबर बोटानं उचलायचं, डिकीतला गालिचा सरकवायचा, पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघायचं. म्हणजे जिथं ऊन पोचत न्हाई तिथं. मग एका कोपऱ्यात पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं नखाएवढी खिडकी घासायची. वर पांढरा, खाली पुट्टी, त्याखाली कुणीतरी आधी मारलेला पांढरा, आणि सगळ्यात खाली कंपनीच्या भट्टीत भाजलेला कडक थर. त्यावर नख ओढायचं आणि निकाल द्यायचा. लोह्याचा एक गडी डॉक्टरची गाडी म्हणून सासुरवाडीला मिरवत होता. नजीरभाईनं रबर उचललं आणि सांगितलं की ही मोठ्या शहरातली काळी-पिवळी टॅक्सी हाय. गडी तिथंच पायरीवर बसला. पुढं सासरा त्याच्याशी वर्षभर बोलला न्हाई.

मी लई वेळा म्हणलो, नजीरभाई, दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड लिहिलेला असतो, तो वाचा की. तर म्हणायचा, पट्टी बदलता येते, पत्रा खोटं बोलत न्हाई. बरं, माझं मशीन तर पत्र्यावरच टेकवायचंय. त्यावर म्हणायचा, तुझ्या मशीननं किती उन्हाळे बघितले शेठ? आता ह्याला काय बोलायचं? नाक्यावरचे सगळे पेंटर त्याच्या हाताखाली शिकलेले, सगळे माझ्याकडून रंग घेणार, पण नजीरभाईनं मान हलवल्याशिवाय डबा उघडणार न्हाईत. माझं मशीन काचेच्या कपाटात बसून राहायचं. रोज सकाळी मी त्याला उदबत्ती दाखवायचो, एवढाच काय तो त्याचा वापर.

तर गेल्या माघातली गोष्ट. मुखेडकडच्या एका गावचा सरपंच रविकिरण आपली नवी कोरी गाडी घेऊन शेडवर आला. गावाचं नाव सांगत न्हाई, तिथले दोन पेंटर माझं गिऱ्हाईक हायत. गाडी मोत्याच्या झाकेची पांढरी, सहा महिन्यांची. पुढच्या बंपरचा डावा कोपरा सोलून निघालेला. म्हणाला, म्हशीनं शिंग मारलं. नजीरभाईनं माझ्याकडून रंगाचे डबे नेले. मी मशीन पुढं केलं, त्यानं नेहमीसारखं हसून बाजूला सारलं आणि डोळ्यानं मिसळून बंपर रंगवला. सांजच्याला गाडी बाहेर निघाली आणि मी दुकानात बसल्या जागी चाट पडलो. गाडी एक पांढरी, बंपर दुसराच पांढरा. धोतराला नीळ जास्त झाल्यावर दिसतं ना, तसा बंपर निळसर मारत होता. सरपंचानं दोनदा बघितलं, मग नजीरभाईच्या तोंडाकडं बघितलं. नजीरभाई म्हणाला, एकदम कंपनी. सरपंच म्हणाला, हाव, एकदम कंपनी. आणि गेला.

मला तेव्हाच शंका आली की ह्याच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड हाय. बोललो न्हाई. खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या होत होत्या. म्हणलं, आता लोक बघतील आणि माझ्या मशीनकडं येतील. पण लोक कसले बघतात? आठवडाभर ती दोन रंगांची गाडी तालुकाभर फिरली आणि सगळे म्हणाले, नजीरनं केलंय म्हणजे कंपनीतून असंच येत असंल.

आठ दिवसांनी त्याच गावची पाच-सात माणसं शेडवर आली. सरपंचबी होता, पण दुसऱ्याच्या मोटारसायकलवर, मागं बसून. झालं होतं असं, की गावाच्या तोंडाशी सरपंचाच्या वडलांच्या नावाची कमान उभारलेली. नऊ-दहा दिवसांमागं, उद्घाटनाला चार दिवस बाकी असताना, पहाटे कोणीतरी गाडीनं डाव्या खांबाला धडक देऊन पळालं. खांब कलला, वरची नावाची फरशी पडून दोन तुकडे झाले. ढिगाऱ्यात पांढऱ्या रंगाचा पापुद्रा सापडला, पापडाच्या तुकड्याएवढा. तो सापडला गावातल्या विरूपाक्षला. नांदेडला नजीर पेंटरला दाखवू, तो गाडी ओळखून सांगंल, हेबी त्यानंच सुचवलं. तोच सगळ्यांना आपल्या गाडीत घालून घेऊन आलेला.

हा विरूपाक्ष म्हणजे मूळचा देगलूरच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या हद्दीवरचा, बायकोच्या गावात राहायला आलेला. पंधरा वर्षांची जुनी गाडी, सात जणांची. गाव ते मुखेड, मुखेड ते नांदेड, दिवसाला दोन खेपा. त्यावर त्याचं, बायको पार्वतीबाईचं आणि दोन लेकरांचं घर चालायचं. शेत न्हाई, दुसरा धंदा न्हाई.

नजीरभाईनं पापुद्रा उजेडात धरला. पालथा केला, कडा बघितली, नख ओढलं. माझ्या दुकानातून मला तो पापुद्रा दिसत होता, मोत्याची झाक त्या अंतरावरनंबी चमकत होती. सरपंच शेडच्या खांबाला टेकून उभा, गमछ्यानं सारखं तोंड पुसत होता. नजीरभाई सावकाश म्हणाला, ही जुनी गाडी हाय. कंपनीचा साधा पांढरा, पंधरा-एक वर्षं उन्हात उभी राहून पिवळा पडलेला. नवीन गाडीचा हा रंगच न्हाई.

गावात तसली गाडी एकच. सगळ्यांच्या माना हळूहळू विरूपाक्षकडं वळल्या. तो हसला, त्याला वाटलं चेष्टा चाललीय. मग त्यानं आपला बंपर दाखवला, धडधाकट होता. कोणीतरी म्हणालं, बदलून आणला असंल. सरपंचानं तिथल्या तिथं नजीरभाईच्या गळ्यात आपला गमछा घातला आणि चहा सांगितला. इतका खुश झालेला माणूस मी निवडणूक जिंकलेलाबी बघितला न्हाई.

मला ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी त्या बंपरचा रंग मीच विकला होता. शेडमधून हाक मारली तरी ऐकू आली असती, एवढ्या अंतरावर मी बसलो होतो. पण नजीरभाईला त्याच्या शेडमध्ये, दहा माणसांत, तू चुकलास म्हणायचं? दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा एक पेंटर माझ्या दुकानाची पायरी चढला नसता. मी चहा पिला. सरपंचानं पाजलेला.

गावानं ठरवलं, विरूपाक्षच्या गाडीत बसायचं न्हाई. दंड न्हाई, पोलिसात तक्रार न्हाई, भांडण न्हाई. फक्त बसायचं न्हाई. तो सकाळी कमानीपाशी गाडी लावायचा, बायामाणसं समोर उन्हात एसटीची वाट बघत उभी राहायची आणि एसटी आली की तिच्यात चढायची. रिकामी खेप करून करून पंधरा दिवसांनी त्यानं गाडी लावणंच सोडलं. मग तो माझ्या दुकानात यायला लागला. नजीरभाईकडं जायची हिंमत नव्हती, इथं येऊन स्टुलावर बसायचा. एकदा विचारलं, शेठ, तुमचं ते मशीन सांगू शकतं का तो रंग कुणाचा? मी म्हणलो, तुकडा लई लहान हाय, मशीनला जमत न्हाई. मशीनला चार आण्याएवढा तुकडा पुरतो. त्यानं मान हलवली, पाणी पिला आणि गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई, हे सांगायला लाज वाटत न्हाई. लाज बाकीच्या गोष्टीची हाय.

नजीरभाईचे डोळे पकडले ते त्याच्या पोरीनं. सुमय्या चष्म्याच्या दुकानात कामाला हाय. तिनं गर्द निळी ओढणी आणली, आणि बाप म्हणाला, काळी कशाला घेतलीस. तिनं आईला सांगितलं. अख्तरीभाभीनं त्याच आठवड्यात त्याला धरून लातूरला नेलं, दवाखान्यात मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि एका डोळ्याचं ऑपरेशन करूनच त्या परत आल्या. डॉक्टर म्हणाले होते, असा मोतीबिंदू वर्षानुवर्षं चढतो, सगळं पिवळट दिसतं आणि माणसाला वाटतं जगच तसं हाय.

पट्टी निघाल्यावर दहाव्या दिवशी तो शेडवर आला. काळा चष्मा काढून रस्त्याकडं बघत उभा राहिला. एक गाडी गेली, तिचं एक दार निळसर. रिक्षा गेली, तिच्या टपाचा एक तुकडा वेगळाच. एका डॉक्टरीणबाईंची गाडी गेली, अर्धी दुधाची आणि अर्धी ताकाची. तो शेडमधल्या पोरांवर ओरडला, हे असलं काम कोणी केलं? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी थोरला म्हणाला, उस्ताद, आपणच की. मी दुकानात बसून हसत होतो, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं गेलं. ज्या ज्या रंगाचा निकाल दिला त्याचा तुकडा तो त्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवायचा. कमानीच्या पापुद्र्याचाबी अर्धा तिथं होता. तो काढला, उजेडात धरला. मग खाली टायरवर बसला. माझं हसू गेलं.

थोड्या वेळानं तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला.

“शेठ, तुला दिसत होतं का?”

“दिसत होतं,” मी म्हणलो.

“मग बोलला का न्हाईस?”

“तुमच्यापुढं कोण बोलणार, नजीरभाई?”

मला वाटलं चिडंल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो काचेच्या कपाटाकडं बघत राहिला आणि म्हणाला, “हे मशीन घे. आणि त्या विरूपाक्षला फोन लाव, गाडी घेऊन ये म्हणावं.”

मी समजावलं. म्हणलं, तुमचं वय बासष्ट, नाव सगळ्या जिल्ह्यात. तिथं जाऊन मला दिसत नव्हतं म्हणलात तर उद्यापासून शेडवर कोण येईल? आणि सरपंच काय गप्प बसंल? त्यानं फक्त विचारलं, पोराची गाडी किती दिवस रिकामी हाय. मी म्हणलो, महिना होत आला. त्यानं कपाट उघडून मशीन माझ्या हातात ठेवलं.

विरूपाक्ष आला. महिन्याभरात त्या गाडीत बसलेले आम्ही पहिली दोन माणसं. नजीरभाई पुढं, मी मागं, मांडीवर मशीन. गावाजवळ पोचलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या कामासाठी कमानीपाशीच माणसं जमलेली, आणि सरपंचाची दोन रंगांची गाडीबी तिथंच उभी. नजीरभाई उतरला, सगळ्यांना सलाम केला आणि साध्या शब्दांत सांगितलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला पिवळं दिसत होतं. मी चुकीचं सांगितलं. हा रंग ह्या पोराच्या गाडीचा न्हाई.

 मग एक जण मायेनं म्हणाला, नजीरभाई, तुमचं ऑपरेशन झालंय, डोळा अजून कच्चा हाय, आराम करा. दुसऱ्यानं दुजोरा दिला, तुम्ही पहिलं सांगितलं तेच बरोबर असणार. तिसरा विरूपाक्षकडं बघून म्हणाला, ह्यानं लई हातापाया पडून आणलं असंल. मला हसावं का रडावं कळंना. ज्या डोळ्याला दिसत नव्हतं त्याच्यावर ह्यांचा भरोसा, आणि ज्याला आता दिसतंय तो कच्चा.

नजीरभाईनं खिशातून पॉलिश पेपर काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि सरपंचाच्या गाडीपुढं उकिडवा बसला. सरपंच म्हणाला, अहो, काय करून राहिलात? नजीरभाई म्हणाला, माझंच काम तपासून राहिलो. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर त्यानं घासायला सुरुवात केली. निळसर पांढरा पाण्यातून वाहून गेला, मग पुट्टी आली, मग जिथं साल निघाली होती ती तुटकी कडा, आणि कडेला लागून कंपनीचा मोत्याच्या झाकेचा पांढरा. त्यानं पापुद्रा त्या कडेला लावला. दगडी पाटीचे दोन तुकडे जुळावेत तसा जुळला. मग मला म्हणाला, शेठ, लाव तुझं मशीन. दहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. मी लावलं, दोन्हीकडं एकच कोड आला. मी स्क्रीन सगळ्यांना दाखवला. कोणी बघितला न्हाई. सगळे त्या बंपरकडं बघत होते.

सरपंच रविकिरण हुशार माणूस. त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, तसं बघितलं तर कमानच जरा रस्त्यात आली होती. एक जण लगेच म्हणाला, हाव, मी तेव्हाच म्हणलो होतो. ठेकेदारानं दोन फूट पुढं घेतली, सिमेंटबी कमी, उद्या एसटीनं उडवली असती, बरं झालं आधीच कळलं. बघता बघता खांबाचा सगळा गुन्हा ठेकेदारावर आणि खांबावर गेला. विरूपाक्षची गाडी असती तर त्यानं गावाच्या इज्जतीला धडक दिलेली, आणि सरपंचाची असली तर कमान वाकडी. मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात मागून सरपंचाची आई तुळजाबाई पुढं आली. ज्याच्या नावाची कमान, त्याची बायको. महिनाभर ती रोज त्या फरशीचे तुकडे पुसायला यायची, असं विरूपाक्ष पुढं मला म्हणाला.

तिनं बंपर बघितला. लेकाकडं बघितलं.  मग विरूपाक्षला विचारलं, “मुखेडला जातूस का रे?”

“जातो की, मावशी.”

ती पुढच्या सीटवर चढली. मग एक बाई चढली. मग दोन. कोणी माफी मागितली न्हाई, कोणी त्याच्याकडं नीट बघितलंसुद्धा न्हाई. रोजच्यासारखे थैल्या मांडीवर घेऊन सरकून सरकून बसले. पाच मिनिटांत सात जणांच्या गाडीत बारा. विरूपाक्ष स्टेअरिंगला हात लावून आमच्याकडं बघत राहिला, त्याचे डोळे भरले होते आणि जागा कुठंच नव्हती. नजीरभाईनं हात केला, जा, जा. गाडी गेली. आम्ही दोघं कमानीखाली एसटीची वाट बघत उन्हात उभे राहिलो.

तेवढ्यात त्या गर्दीतला एक जण मोटारसायकल ढकलत आमच्यापाशी आला. त्याच्या घरच्या चारचाकीच्या दाराला ओरखडा होता म्हणे. नजीरभाई शेजारीच उभा असताना त्यानं मला विचारलं, “शेठ, मशीनवर रंग जुळवून देता का? नजीरभाईचं आता काय खरं न्हाई.”

दहा वर्षं मी हे ऐकायला बसलो होतो. आणि आता मी खाली बघत मशीन पिशवीत घालायला लागलो. नजीरभाईनंच त्याला पत्ता सांगितला.

“देगलूर नाक्याला ये. दुकान लवकर सापडायचं न्हाई, आत हाय. कुणालाबी विचार, नजीर पेंटर कुठं. त्याच्या समोरच.”